पौर्णिमेचं उधाण

पेनार्थ, १५ मार्च

नंदू,

आशीर्वाद. हवे असतील तर घे, नको असतील तर टेबलावर ठेव, माझी भावजय अर्चना घेईल.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद काढला. पत्र फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि तुला लहानपणापासून काहीही न वाचता टाकून देता येत नाही, शेंगदाण्याची पुडीसुद्धा तू वाचूनच टाकायचास.

समेट करायला लिहीत नाहीये. मिरवायला लिहितेय. तुझ्या मुलीचं कौतुक मिरवायचा पहिला मान तुझा होता. तो तू गेल्या सप्टेंबरात टाकून दिलास, मग मी उचलला. वरदा नोकरीला कार्डिफला आली तेव्हापासून माझ्याकडे राहतेय, तेव्हा निम्मा हक्क माझा होताच.

तुला वाटतं ती आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचे गुडघे-खांदे सरळ करते आणि शनिवार-रविवारी दारुड्यांबरोबर नदीकाठी गळ टाकून बसते. पहिली गोष्ट, नदी नाही, समुद्र. दुसरी गोष्ट, बसत कोणीच नाही. ओल्या खडकांवर सहा-सहा तास उभं राहायचं, चालायचं, फेकायचं, ओढायचं. आणि तिसरी गोष्ट नीट वाच, कारण गेल्या वर्षी तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘माझी मुलगी मासे मारते.’ ती मारत नाही. बास नावाचा रुपेरी, काटेरी पाठीचा मासा ती पकडते, ओल्या पट्टीवर ठेवून त्याची लांबी मोजते, फोटो काढते आणि परत पाण्यात सोडते. स्पर्धा लांबीची आहे. मासा मेला तर गुण जातात. इतकी वर्षं शाकाहारी राहून मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तू मटण खाऊन तिला अहिंसा शिकवू नकोस.

आता माझ्या डायनिंग टेबलावर काय चालतं ते सांगते. मऊ प्लास्टिकची बोटभर लांबीची मासोळ्यांसारखी आमिषं असतात. ती गळावर चढवणं हीच खरी कला. टोक नाकातून नखभर आत घालायचं, खालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, मग तेच टोक पोटातून वर न्यायचं आणि पाठीच्या कातडीखाली लपवायचं. बाहेर राहिलं तर खडकावरच्या शेवाळात अडकतं. लपलेलं असलं की शेवाळातून सुळकन निघतं आणि मासा चावला की प्लास्टिक दबून टोक आपोआप वर येतं. सगळी गंमत मधल्या रेषेची आहे. टोक केसभर डावी-उजवीकडे गेलं तर आमिष पाण्यात गरगर फिरतं.

“आत्या, ते सरळ नसेल तर स्पिन होतो,” वरदा म्हणाली, “अँड फिश आर नॉट स्टुपिड. माशाला लगेच कळते.”

मी म्हटलं, “आण इकडे. मी बत्तीस वर्षं भूल देताना लोकांच्या मणक्यात सुया घातल्यात. मधली रेषा मला शिकवू नकोस.”

पहिली तीन वाकडी गेली. चौथं तिने नळाखाली धरून ओढून पाहिलं आणि आपल्या डब्यात ठेवलं. नंदू, रॉयल कॉलेजचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हासुद्धा मी इतकी फुशारले नव्हते.

वेल्सच्या किनाऱ्यावर यंदा तिची पाच सामन्यांची लीग आहे. चाळीस पुरुष, चार बायका. पहिले चारजण वेल्सच्या टीममध्ये जातात. तिला तेवढं एकच हवंय. म्हणजे दोन गोष्टी हव्यात, पण दुसरी तुझ्या घरी स्टॅनमोरला आहे आणि ती गळाला लागत नाही.

ताई


पेनार्थ, १४ जून

नंदू,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण पत्र परतही आलं नाही, हे मी तुझ्या खात्यात जमा धरते.

काल तिसरा सामना झाला, गॉवरला. पाऊस आडवा येत होता. तुझी मुलगी कमरेपर्यंत रबरी कपडे घालून खडकाच्या टोकावर उभी होती आणि मी वर छत्री उलटी होऊ नये म्हणून तिच्याशी झुंजत होते. बाहेरच्या माणसाने स्पर्धकाच्या सामानाला हात लावायचा नाही असा नियम आहे. मी हात खिशात घालून उभी राहिले. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचार, हे मला किती जड गेलं असेल.

एकसष्ट सेंटिमीटर. आख्ख्या सामन्यातला सगळ्यात मोठा बास तिचा. माझ्या शेजारी एक लालबुंद चेहऱ्याचे आजोबा उभे होते, ते म्हणाले, “हू इज शी?” मी म्हटलं, “माय ब्रदर्स डॉटर.” बघ, मी तुझं नाव अजून वापरते.

ती आता तिसरी आहे. इथे पत्र संपवलं असतं तर किती बरं झालं असतं.

सामन्यानंतर शेवटच्या फेरीची तारीख जाहीर झाली. शनिवार, २६ सप्टेंबर, ऑगमोरच्या किनाऱ्यावर. घरी येऊन मी पंचांग उघडलं आणि डोकं धरून बसले. भाद्रपद पौर्णिमा. बाबांची तिथी.

गेल्या वर्षीही असंच झालं होतं, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीच हिची फायनल. मी तेव्हा तुझ्या घरी पाटावर बसले होते. तू फोनवर तिला म्हणालास, “मुद्दाम हाच दिवस निवडलास. तो गळ टाकून देशील तेव्हाच या घरात पाऊल ठेव.” मलाही तेव्हा तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आजोबांनी हिला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली आणि ही माशांमागे गेली. तेव्हा मी तुला अडवलं नाही.

पण ती तिथे शेवटून दुसरी आली आणि गाडीत बसून रडत राहिली, हे तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण रात्री तुझ्याकडून परत आल्यावर तिला गरम वरणभात मीच वाढला.

काल मी तिला तिथीचं सांगितलं तर तिने आमिषांचा डबा मिटला. मग म्हणाली, “मी नाही खेळणार. मी विथड्रॉ करते.”

“का गं?”

“बाबा परत तेच म्हणेल. एक वर्ष झाला, आत्या. आय कान्ट डू अनदर वन.”

समोर तू नसलास तरी तुझा अबोला तिला सगळ्यात आधी दिसतो. वेल्सची टीम हातातोंडाशी आलीय आणि ती तुझ्यासाठी सोडायला निघालीय. तू हे मागितलं नव्हतंस म्हणू नकोस. तू नेमकं हेच मागितलं होतंस.

मी तिला अजून नाव मागे घेऊ दिलेलं नाही. म्हटलं, थांब, मला विचार करू दे. तुला माहीत आहे, मी विचार करायला बसले की कोणाची तरी कंबख्ती ओढवते.

ताई


पेनार्थ, ५ जुलै

नंदू,

आज तुला मी शास्त्र सांगणार आहे. चष्मा लाव.

क्लबचे सेक्रेटरी गॅरेथ म्हणून आहेत, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना चहाला बोलावलं, पोहे केले. दुसऱ्यांदा पोहे घेताना मी सरळ विचारलं, ही फायनलची तारीख दरवर्षी आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी कोण घालतं?

“चंद्र घालतो, लव्ह,” ते म्हणाले.

झालं असं, की सप्टेंबरच्या पौर्णिमेला इथे मोठं उधाण येतं. पाणी जोरात चढतं, खडकांतले खेकडे आणि छोटी मासळी हलते आणि त्यांच्यामागे बास किनाऱ्याला येतो. म्हणून फायनल त्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवार-रविवारी ठेवायची असा क्लबचा जुना रिवाज. गेल्या वर्षी पौर्णिमा नेमकी रविवारी आली, यंदा शनिवारी येतेय. पुढच्या वर्षी चार-दोन दिवस इकडे-तिकडे होईल. मुद्दाम कोणी काही केलं नाही. गॅरेथना बाबा ठाऊक नाहीत, आणि आपण श्राद्धाची तिथी काढतो तोही चंद्राकडे बघूनच. त्यांच्या टेबलावर भरती-ओहोटीचं पुस्तक, आपल्या भिंतीवर पंचांग. मी दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग तुझा राग आला.

आता पुढचं ऐक. इथल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला भरती सकाळी सात-साडेसातला असते. दर पौर्णिमेला, वर्षानुवर्षं. म्हणजे ओहोटी दुपारी दीड-दोनला. ऑगमोरला ओहोटीत पाणी इतकं मागे जातं, की गळ टाकायचा तर वाळूत टाकावा लागेल. म्हणून सामना पहाटे सुरू होतो आणि अकराला संपतो.

मग मी ब्रिस्टलच्या सुश्रुत गुरुजींना फोन केला. आठवडाभर ते बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतात, सुट्टीला पौरोहित्य करतात, मुलगा हुशार आहे. विचारलं, श्राद्धाचा काळ कोणता? म्हणाले, “काकू, अपराह्न. इथल्या सूर्याप्रमाणे साधारण दीड वाजल्यापासून.”

कळलं का तुला? पितर जेवायला येतात तेव्हा समुद्र आपणहून मागे सरतो. दोन्ही वेळा एकाच मालकाने ठरवल्यात आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आड आपण आलो. स्टॅनमोर ते ऑगमोर साडेतीन तास, ही तुझी अडचण, चंद्राची नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. यंदा बाबांचं श्राद्ध माझ्या घरी, दीड वाजता. ऑगमोरहून पाऊण तासात पेनार्थ. वरदा सामना खेळेल, येऊन अंघोळ करेल आणि आजोबांच्या श्राद्धाला बसेल. तू आलास तर कर्ता तू. नाही आलास तर मी बसेन. गुरुजींना विचारून ठेवलंय, ते म्हणाले मुलीलाही अधिकार आहे. ते नाही म्हणाले असते तरी बसले असते, फक्त मग गुरुजी दुसरे शोधावे लागले असते.

वरदाला हे सांगितलं तर तिने ते भरतीचं पुस्तक दोनदा वाचलं. “सो मी चॉइस करायची गरजच नाही?” म्हणाली. मी म्हटलं, नाही, तुझी निवड झाली. आता तुझ्या बापाची बाकी आहे.

ताई


पेनार्थ, ६ सप्टेंबर

नंदू,

थोडक्यात लिहिते, गणपती तोंडावर आलेत, मोदकांचं तांदळाचं पीठ चाळायचंय.

अर्चनाचा फोन आला होता. तू माझी पत्रं कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवतोस असं ती म्हणाली. भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर काढून तू स्वतः ताडून पाहिलंस, हेही म्हणाली. मी चूक केली असेल या आशेने पाहिलं असशील. केली नव्हती.

चौथ्या सामन्यात वरदाचा दिवस वाईट गेला. ती सहाव्या नंबरवर घसरली. आता फायनलला तीन चांगले मासे मोजले गेले तरच टीम, नाहीतर वर्ष वाया. हे तुला घाबरवायला सांगत नाही. काय पणाला लागलंय ते तुला माहीत असावं म्हणून सांगतेय.

येणार असशील तर वड्यांचं पीठ त्या हिशेबाने भिजवेन. न कळवता आलास तरी वडे कमी पडणार नाहीत.

ताई


पेनार्थ, २८ सप्टेंबर

नंदू,

तू काल सकाळी चहालाही न थांबता गेलास. म्हणून जे शनिवारी तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते.

तू साडेबाराला दारात उभा राहिलास आणि म्हणालास, “एम फोरला ट्रॅफिक होतं.” मी म्हटलं, “असेल.” तुझे बूट चिंब होते, त्यांना वाळू लागली होती. एम फोरवर वाळू नसते. वरदा वर अंघोळीला गेली होती तेवढ्यात मी ते ब्रशने साफ केले आणि जिन्याखाली ठेवले.

नंदू, तुला मी सकाळीच पाहिलं होतं. ऑगमोरला उजाडत होतं. वर कार पार्कच्या कठड्याशी एक माणूस हात मागे बांधून उभा होता. माझा भाऊ मला दोन मैलांवरूनही कळेल. मी वर आले नाही. तू मला हात केला नाहीस, मग मीही तुला पाहिलं नाही असं ठरवलं. म्हटलं, हा एवढ्या लांब अंधारात गाडी हाणत आलाय, त्याला त्याचं पाहू दे.

तुला वरून किती दिसलं कोण जाणे, म्हणून खालून जे दिसलं ते सांगते. पहिले दोन बास तिला भरतीतच मिळाले. मग पाणी फिरलं आणि तास-दीड तास काहीच नाही. शेजारचे दोघे सारखी आमिषं बदलत होते, रंगीत, चमकणारी, शेपटी हलणारी. हिने बदललं नाही. हिने तेच आमिष काढलं, दातांनी त्याचं डोकं थोडं तोडलं, बारीक केलं, आणि पुन्हा चढवलं. हात थंडीने निळे पडले होते, वारा होता, लाटा गुडघ्यावर येत होत्या, आणि तिने ते पहिल्या प्रयत्नात सरळ चढवलं. मी ओरडून सांगणार होते मधली रेषा बघ म्हणून. गरज नव्हती.

मग ती सगळ्यांना सोडून डावीकडच्या घळीत गेली, जिथे पाणी बाहेर निघत होतं. संपायला थोडाच वेळ होता. तिची काठी वाकली तेव्हा माझ्याकडून ‘गणपतीबाप्पा’ असं मोठ्याने म्हटलं गेलं आणि शेजारच्या वेल्श बाईने माझा हात धरला. अठ्ठावन्न सेंटिमीटर. मोजला, फोटो काढला, आणि मग तिने त्याला दोन्ही हातांनी लाटेकडे तोंड करून पाण्यात धरलं. तो दमला होता. ती धरून राहिली. घड्याळ चालू होतं, आणखी एकदा गळ टाकला असता तर आणखी मोठा मिळालाही असता. पण तो स्वतःहून निसटून जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. तुला ते नक्की दिसलं, कारण मी वर पाहिलं तेव्हा तुझे हात मागे नव्हते, कठड्यावर होते. सगळे निघून गेल्यावर तू खाली वाळूतही उतरला असशील, ते बूट त्याचेच.

फायनलमध्ये दुसरी. लीगमध्ये चौथी. टीममध्ये आली. हे तुला मी घरी सांगितलं तेव्हा तू “हं” म्हणालास. माणसाला आधीच माहीत असलं की तो असाच “हं” म्हणतो.

श्राद्धात तिला म्हणालास, “तीळ दे.” वर्षभरानंतरचे तुझे तिच्याशी पहिले दोन शब्द. तिने तीळ दिले. तू वाटी तिच्या हातातून घेतलीस आणि पुन्हा तिच्याच पुढ्यात ठेवलीस. कावळ्याचा घास बाहेर ठेवला तर गुरुजींनी मागे वळायच्या आत सीगलने पळवला. बाबांनाही कधी ताट वाढेपर्यंत धीर नसायचा. तू हसलास. ती तुझ्याकडे बघून हसली. मी स्वयंपाकघरात गेले, मला खीर ढवळायची होती. खीर केव्हाच झाली होती.

आणि रविवारी निघताना दारात तू तिचा अंगठा पाहिलास.

“हाताला काय झालं?”

“फिन लागला. पाठीवरचा काटा.”

“टिटॅनस झालंय?”

“झालाय, बाबा.”

“बरं.”

तू गाडीत बसलास. ती दारात उभी राहिली, तुझी गाडी वळेपर्यंत. मग आत आली आणि म्हणाली, “आत्या, बाबा चेक्ड माय हँड.” तिने हे मला संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं.

तू कार पार्कमध्ये होतास हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय तू थेट श्राद्धाला आलास, बाबांसाठी आलास. ते मी सांगणार नाही. ती बातमी माझी नाही आणि मला ती चोरायचीही नाही. मला मिरवायला तिचे मासे पुरेत. तू तिच्यासाठी अंधारात घरून निघालास हे तिला तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे, आणि तेही “ट्रॅफिक होतं” असं न म्हणता.

मार्चमध्ये टीम पोर्तुगालला जातेय, हीथ्रोवरून, सकाळच्या विमानाने. वरदाने विचारलं, आत्या, आदल्या रात्री तू मला ड्राइव्ह करून सोडशील ना? मी म्हटलं, नाही गं, माझा गुडघा हल्ली फार दुखतो, एवढं लांब नाही जमायचं. स्टॅनमोरहून हीथ्रो अर्धा तास आहे, तिथल्या कोणाला तरी विचार. ती फिजिओ आहे, तिने लगेच गुडघा दाबून पाहिला. मी नीट विव्हळले.

माझा गुडघा ठणठणीत आहे. आज सकाळीच मी पेनार्थच्या टेकडीवर जाऊन आले.

तिचा फोन आला की उचल.

ताई